परदेशचें शिक्षण आणि घरची जमीन
(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्यासारख्यांच्या घरांतील मुलगा किंवा मुलगी समुद्रापलीकडे शिकावयास जाणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. सरकारी नोंदीप्रमाणें २०२३ सालीं सुमारें ८ लाख ९२ हजार मुलें शिक्षणासाठीं हा देश सोडून गेलीं. पुढच्याच सालीं, म्हणजे २०२४ मध्यें, तो आंकडा ७ लाख ५९ हजारांवर उतरला. एका वर्षांत सव्वा लाखाहून अधिक मुलें कमी! आमच्या मुलांची बुद्धि एका वर्षांत आटली काय? नाहीं. तिकडच्या सरकारांनीं दारें ओढून घेतलीं. तें दार कोण लावतो आणि लागतांना बोटें कोणाचीं चेंगरतात, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

कॅनडाचें पाहा. फीशिवाय खर्चासाठीं म्हणून विद्यार्थ्यानें जी रक्कम जवळ दाखवावी लागते, ती पूर्वीं १० हजार डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २० हजार ६३५ झाली. त्याच महिन्यांत तेथील सरकारनें परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. कारण काय, तर घरांची टंचाई, भाडीं वाढलेलीं, लोकांची कुरकुर. झालें! आपल्याकडून तेथें जाणारीं मुलें २०२३ सालीं २ लाख ३३ हजार होतीं, तीं २०२४ सालीं १ लाख ३७ हजार राहिलीं. इंग्लंडनें जानेवारी २०२४ पासून, संशोधन करणारे वगळून, बहुतेक विद्यार्थ्यांस बायकामुलें बरोबर आणण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियानें व्हिसाची फी ७१० डॉलर होती ती जुलै २०२४ मध्यें १६०० केली आणि वर्षानें २०००. अमेरिकेनें २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुलाखतींच्या नव्या तारखा देणें तीन आठवडे बंद ठेवलें. तेंही ऐन हंगामांत, जेव्हां मुलें पेट्या बांधीत असतात.

त्यांचा देश, त्यांचें दार. त्यांस शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. परंतु परदेशी मुलांच्या फीवर तिकडचीं कित्येक विद्यापीठें आपला गाडा हांकतात, हेंही ध्यानांत ठेवा. पैसा हवा तेव्हां दार सताड, लोक कुरकुरले कीं अर्धें. आपल्या तालुक्याच्या गांवीं पाटी लावून बसलेल्या एजंटास हें पक्कें ठाऊक असतें. पुष्कळदां त्याचें कमिशन तिकडचें कॉलेज देतें, तेंही पहिल्या वर्षाच्या फींतून. मुलगा दुसऱ्या वर्षीं तगला कीं नाहीं, याच्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. तो तुमचा सोयरा नव्हे, दलाल आहे. बाजार समितींतला दलाल तुम्ही ओळखतां, तसाच यालाही ओळखा.

आतां पैशाची गोष्ट. साधारणपणें साडेसात लाखांच्या वर शिक्षणकर्ज पाहिजे असल्यास बँक तारण मागते. शहरांतला मनुष्य आपला फ्लॅट पुढें करतो. शेतकरी सात-बारा घेऊन जातो, आणि साहेब म्हणतात, शेतजमीन चालत नाहीं! कां चालत नाहीं? २००२ सालच्या ज्या कायद्यानें बँकेला कोर्टांत न जातां गहाण मालमत्ता ताब्यांत घेतां येते, त्या कायद्यांतून शेतजमीन वगळलेली आहे. हेतु चांगला होता. शेतकऱ्याचें रान असें सहजीं जाऊं नये. पण ज्या मालावर झटपट हात टाकतां येत नाहीं तो बँकेला तारण म्हणून नकोसा होतो. मग शेतकऱ्यास दोनच वाटा उरतात: खासगी कंपनीचें चढ्या व्याजाचें कर्ज, नाहीं तर जमीन विकणें. बँकेनें ज्या जमिनीस हात लावूं नये म्हणून कायदा केला, तीच जमीन बाप आपल्या हातानें विकतो. आणि कर्ज काढलें तरी व्याज कांहीं मुलाची परीक्षा होईपर्यंत थांबत नाहीं. हप्ता उशिरां सुरू होतो, व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतें.

मग गरिबाच्या पोरानें जाऊंच नये काय? असें मी म्हणत नाहीं. १९१३ सालीं भीमराव आंबेडकर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षें. पुढें लंडनचें शिक्षण पुरें करण्यास शाहू छत्रपतींनीं मदत केली. राज्याचा पैसा तेथें लागला. आज त्याच दोघांच्या नांवानें महाराष्ट्र सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत: अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं राजर्षि शाहूंच्या नांवाची, आणि मराठा-कुणबी मुलांसाठीं 'सारथी'ची सयाजीरावांच्या नांवाची, दोहोंत ७५-७५ जागा. इतर मागासवर्गीयांसाठीं निराळी योजना २०१८ पासून आहे.

केंद्र सरकारची शिष्यवृत्ति तर १९५४-५५ पासूनची. फी, विमानाचें भाडें, राहण्याखाण्याचा खर्च, सारें सरकार देतें. घरचें उत्पन्न वर्षास आठ लाखांपर्यंत चालतें. जागा १२५. पैकीं ११५ अनुसूचित जातींस, ६ विमुक्त-भटक्यांस, आणि भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांस मिळून किती म्हणाल? ४! सुतार, लोहार, कुंभार, विणकर आणि बिनजमिनीचा मजूर, साऱ्या देशांतून चार मुलें. या सभेंतच चार हुशार मुलें सांपडतील. अल्पसंख्य समाजांतील मुलांच्या परदेशी शिक्षणकर्जाचें व्याज सरकार भरीत असे, ती 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. मोमीन विणकरांच्या मुलांचा तो आधार गेला.

ज्यांस शिष्यवृत्ति मिळणार नाहीं त्यांनीं जर्मनीचा विचार करावा. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाहीं. मात्र कांहीं ठिकाणीं ती सुरू झाली आहे, सबब आधीं विचारून घ्यावें. वर्षाच्या खर्चाचे ११ हजार ९०४ युरो खात्यांत आधीं दाखवावे लागतात, आणि भाषा आल्यावांचून पुढें नोकरीची अडचण.

तूर्त दोन कामें करा. मुलगी किंवा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षास असेल तर उत्पन्नाचा व जातीचा दाखला आजच काढावयास घाला; पुष्कळ अर्ज गुणांअभावीं नव्हे, कागदांअभावीं मागें राहतात. दुसरें, त्या ४ जागा वाढवाव्या असा अर्ज आपल्या खासदारांकडे धाडावयाचा आहे. मसुदा व्यासपीठाजवळ ठेविला आहे. आधीं वाचून पाहा, ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं मुलांकडून वाचवून घ्या, आणि मग सही करा.