चाळ, मनोरा आणि मधली वाट



मुंबईंतील चाळी पाडल्या जातात, त्याचें चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलुखांत काय, असें कोणी विचारील. परंतु मुंबईंत घराची जी तऱ्हा रूढ होते ती आपल्याकडे पोहोंचावयास फार विलंब लागत नाहीं. चंद्रपुरांत सदनिकांच्या इमारती उभ्या राहूं लागल्याच आहेत. म्हणून ही हकीकत येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

१९२० सालीं, सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असतां, मुंबई सरकारनें ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नांवाचें खातें काढलें. कामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधावयाच्या, आणि खर्चासाठीं शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर घ्यावयाचा, असा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, शिवडी आणि आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात तो डिलाइल रोड, येथें मिळून २०७ चाळी झाल्या. खोल्या १६,००० हून थोड्या अधिक. सर्व एकाच सांच्यांतल्या. चार मजले, मजल्यास वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, दोन रांगांच्या मध्यें लांबलचक काळोखी वाट, आणि शौचकूप सर्वांना मिळून. वरळीच्या कित्येक चाळी प्रारंभीं भाडेकरूंवांचून ओस पडल्या, आणि १९३० च्या कायदेभंगांत सरकारनें तेथें सत्याग्रही कोंडले! घर म्हणून बांधलेली वास्तु तुरुंग म्हणून विनासायास चालली, यांतच तिचें परीक्षण आलें.

पुढें गिरणगांव भरलें आणि त्या कोठड्यांतून माणसें दाटलीं. कोंकणांतून व घाटावरून आलेले गडी एका खोलींत दाटीनें राहात. रात्रपाळीचा बाहेर पडला कीं दिवसपाळीहून परतलेला त्याच्या जागीं पाठ टेकी. खोलींत मावत नसे तें सारें मधल्या वाटेवर येई: निजणें, मुलांचा अभ्यास, धान्य निवडणें, लग्नाची पंगत. कोणत्याहि स्थापत्यविशारदानें हें योजिलें नव्हतें.

आतां म्हाडा या चाळींच्या जागीं मनोरे बांधीत आहे. १६० फुटांच्या खोलीबद्दल ५०० फुटांची सदनिका, विनामूल्य आणि मालकीहक्कानें. वरळीच्या चाळीसमजली मनोऱ्यांतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्यें रहिवाशांस मिळाल्या. याचा आनंदच मानला पाहिजे. चाळीच्या जिव्हाळ्याचे गोडवे दूर राहून गाणाऱ्यांनीं पहाटे हातांत डबा घेऊन रांगेंत उभें राहावें; घरांतील आजारी सासूला त्या रांगेपर्यंत धरून नेणाऱ्या सुनेस मग कांहीं सांगावें.

तथापि १६० चे ५०० झाले, या हिशेबांत मधली वाट धरलेलीच नाहीं. ती कोणाच्याच नांवावर नव्हती, म्हणून तिचा मोबदलाहि कोणी मागितला नाहीं. उलट मनोऱ्यांत जें सामाईक आहे, म्हणजे उद्वाहक, पाण्याचे पंप, आगीचा बंदोबस्त, त्यासाठीं दरमहा पैसे मोजावे लागतात. आणि मिळकत बेताची असलेलें कुटुंब, घर मालकीचें असूनहि, एक दिवस तें विकून दूरच्या उपनगरांत जाण्याचा विचार करूं लागतें. शेजार भिंतीनें तुटत नाहीं इतका या मासिक पावतीनें तुटतो, असें मला वाटतें.

आपल्याकडे प्रश्न निराळें रूप घेईल. बल्लारपूर, घुगुस येथें कोळसाखाणींमुळें रांगेंतलीं घरें आपल्या परिचयाचीं आहेत. मे महिन्यांत पारा ४६ अंशांवर गेला म्हणजे आपलें घर खोलींत नसतें, छपरींत आणि अंगणांत असतें. संध्याकाळीं पाणी शिंपडून तेथें खाटा पडतात. मुंबईचा नकाशा जसाच्या तसा उचलला तर ही छपरी पहिल्याच रेघेंत नाहींशी होईल, आणि तिच्या जागीं प्रत्येकजण दार लावून वीज जाळीत बसेल.

तेव्हां जुने वाडे वा रांगा पाडून येथें मजले चढवावयाचे असतील, तर प्रत्येक मजल्यावर एक मोकळी, विकतां न येणारी छपरी ठेवल्याखेरीज नकाशास मंजुरी देऊं नये. तिच्यामुळें सदनिकेचा दर थोडा चढेल. तो कोणीं सोसावा, बांधणारानें, घेणारानें कीं नगरानें, हें पायाचा पहिला दगड बसण्यापूर्वींच ठरवून घ्यावें. मागाहून छपरी काढतां येत नाहीं.