गवारीचा डिंक आणि पडवळाचे बी
(राखोली येथील ग्रामस्थ व शिक्षकांसाठी भाषण)



दमणगंगेच्या खोऱ्यात डिंक म्हटला की झाडाच्या सालीतून पाझरणारा धावड्याचा डिंक डोळ्यांपुढे येतो. गवारीचा डिंक निराळा. तो बियांपासून काढलेले पीठच होय. त्यातील लांब शर्करासाखळीला गॅलॅक्टोज या शर्करेच्या फांद्या असतात, आणि तेथेच त्याचे खरे मोल आहे.

कित्येक बियांत ठराविक शर्करेलाच चिकटणारी प्रथिने असतात. त्यांना लेक्टिन म्हणतात. आपल्या कुळथातील लेक्टिन रक्तपेढीत ‘ए’ गटाचे उपप्रकार ओळखण्यास उपयोगी पडते. परंतु इतर असंख्य प्रथिनांतून ते वेगळे करावे कसे?

गवारीचा डिंक पाण्यात विरघळतो. म्हणून रसायनाने त्याच्या साखळ्या परस्परांशी बांधून न विरघळणारे कण करतात व काचेच्या नळीत भरतात. वरून पडवळाच्या बियांचा अर्क सोडला की बाकीचे वाहून जाते. लेक्टिन मात्र गॅलॅक्टोजच्या फांद्या धरून बसते. नंतर योग्य शर्करेचे पाणी ओततात. मोकळी शर्करा मिळताच लेक्टिन डिंकाला सोडते व शुद्ध होऊन खाली उतरते. हैदराबाद विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ मध्ये पडवळाचे लेक्टिन याच रीतीने मिळविले. भाजीच्या मांडवावरील वेलाची ही योग्यता कोणास ठाऊक होती!

लेक्टिनची दुसरी बाजूही शिक्षकांनी ध्यानी घ्यावी. अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिनमुळे उलट्या व जुलाब होतात. शाळेच्या स्वयंपाकघरात राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात तो खळखळून उकळत पूर्ण शिजवावा.