पिल्लं गोगलगायींची

घरच्या काचेच्या टाकीत मिस्टरी स्नेल, म्हणजे ॲपल स्नेलच्या कुळातली गोगलगाय पाळली असेल, तर पाण्याच्या वर काचेला चिकटलेला फिकट गुलाबी अंड्यांचा घोस तुम्ही पाहिला असेल. दोन ते चार आठवड्यांत त्यातून पिल्लं बाहेर पडतात. मोहरीएवढी, पण पाठीवर शंख जन्मतःच असतो. तो पातळ असतो, प्रकाशात आतलं अंग दिसतं.

हा शंख वाढवायला कॅल्शियम लागतं. आरओचं किंवा कोकणातल्या विहिरींसारखं मऊ पाणी असेल, तर शंख झिजतो, पांढरे चट्टे पडतात. अशा वेळी पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या समुद्रफेसाचा तुकडा टाकीत सोडावा. उकडलेला दुधी, काकडीची चकती हे खाणं उत्तम. उरलेलं मात्र त्याच दिवशी काढावं, नाहीतर पाणी नासतं आणि पिल्लं मरतात.

फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते टाकीत घालूच नका, गोगलगायींना ते विषच.

एका घोसातून शंभरावर पिल्लं निघू शकतात. जास्त झाली म्हणून ती तळ्यात, ओढ्यात सोडू नका. याच कुळातली सोनेरी गोगलगाय 1980 च्या दशकात फिलिपिन्समध्ये खाण्यासाठी आणली आणि ती भातशेतीत पसरली. कोवळी रोपं तिनं फस्त केली. नको असलेले घोस अंडी फुटण्याआधीच काढून फ्रीझरमध्ये ठेवा.