फिरत्या माणसाचा कायमचा पत्ता

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतली अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. घराला कडी लागते, ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. अशा दारी पोस्टमनने पत्र द्यायचे कोणाला? ई-मेलचे मोल मला इथे दिसते. तो पत्ता घराचा नसतो, माणसाचा असतो.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर असा निरोप धाडला आणि पत्त्यात '@' हे चिन्ह बसवले. चिन्हाच्या अलीकडे माणसाचे नाव, पलीकडे त्याच्या टपालघराचे. पुढे १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढले. कुठल्याही संगणकावरून उघडता येणारी ही पेटी फुकट मिळू लागली.

आपण पत्र पाठवले की ते आधी आपल्या टपालघराच्या संगणकाकडे जाते. तो '@'च्या पुढचे नाव वाचतो, ते टपालघर शोधतो आणि पत्र तिथल्या पेटीत पोचवतो. घेणाऱ्याचा फोन तेव्हा बंद असला तरी बिघडत नाही. समोरचे टपालघरच बंद असेल, तर हा हरकारा काही दिवस खेटे घालत राहतो. पत्ता चुकला, तर पत्र बहुधा परत येते. आम्हा कवींना 'साभार परत' नवे नाही. इथे आभार तेवढे नसतात!

फोनवर बोलायला दोघेही एकाच वेळी लागतात. ई-मेल मात्र वाट पाहतो. पावसाळ्यात दरीतल्या पाड्याची रेंज गेली, तरी ती आल्यावर पत्र हाती पडते. शिवाय तारीख-वेळेची नोंद राहते. 'तुमचा अर्ज आलाच नाही' असे कोणी म्हणाले, तर दाखवायला कागद असतो.

पण पेटी आपली हवी. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना घाईघाईत दुसऱ्याचाच ई-मेल टाकला जातो. मग त्रुटी कळवणारे पत्र परक्या पेटीत पडून राहते आणि मुदत टळते. म्हणून शिकणाऱ्या मुलामुलींनी आपला पत्ता आपल्या हाताने काढावा आणि पासवर्ड कोणाला देऊ नये. भट्टीवर गेल्यावर सिमकार्ड बदलले, तर नवा नंबर पेटीला लगेच जोडावा. नाही तर किल्ली हरवते, आणि आपलेच पत्र आपल्याला वाचता येत नाही.