जाळीचा साचा आणि घरचे पीठ



आजचा विषय ऐकून काही मंडळींचा हात रेडिओच्या बटणाकडे जाईल, अशी मला भीती वाटते. वॉफल हा पदार्थ काही आपला नव्हे. तो आपल्या सणावाराला होत नाही, की पंगतीत वाढला जात नाही. परंतु गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या दुकानांतून तो निघाला आणि लहान गावांतल्या मुलांच्याही तोंडी त्याचे नाव आले. दुकानात त्याला पैसे बरेच पडतात; आणि घरी करावा तर तयार पिठाचा पुडा आणावा लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो समज खरा नाही, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. पीठ, दही, अंडी, लोणी, साखर. यापलीकडे त्यात फारसे काही नाही. बाकीचे काम विस्तवाचे आहे, आणि विस्तवाचे ज्ञान आपल्या घरांत पुष्कळ आहे.

प्रथम वॉफल म्हणजे काय ते पाहू. दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांच्या मध्ये दाटसर पीठ ओतून भाजलेली, दोन्ही अंगांना चौकोनी खळगे पडलेली जाड पोळी, म्हणजे वॉफल. याचे माहेर बेल्जियम, हॉलंड आणि उत्तर फ्रान्स या भागात. नाव मूळ डच भाषेतले. फ्रेंच लोक त्याला 'गोफ्र' म्हणतात, आणि याच शब्दाचा जुना अर्थ मधाचे पोळे असाही आहे. आपल्या कानाला पोळे आणि पोळी हे शब्द शेजारी वाटतात. तिकडे तर एकाच शब्दाने दोन्ही कामे केली!

मध्ययुगात हे साचे लांब दांड्यांच्या चिमट्यासारखे असत. पीठ घालून ते मिटायचे आणि जाळावर धरायचे. पाट्यांवर घराण्यांची चिन्हे किंवा धर्मातली चित्रे कोरलेली असत. ती पोळीवर उमटत. ब्रूगेल या चित्रकाराने १५५९ साली काढलेल्या एका उत्सवाच्या चित्रात तर डोक्याला वॉफल बांधलेला एक गडी दिसतो. पुढे हा पदार्थ अमेरिकेत गेला. तिथे कॉर्नेलियस स्वार्थआऊट याने २४ ऑगस्ट १८६९ रोजी शेगडीवर ठेवावयाच्या साच्याचे पेटंट घेतले. दांडा धरून साचा उलटता यावा आणि हात भाजू नये, अशी त्याची रचना होती. विजेवरचे साचे त्यानंतरचे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ब्रुसेल्सकडच्या एका कुटुंबाने स्ट्रॉबेरी आणि साय घालून वॉफल विकले, आणि अमेरिकेत 'बेल्जियन वॉफल' हे नाव घरोघर झाले.

भाषेच्या शिक्षकांसाठी आणखी एक गंमत सांगतो. स्वीडनमध्ये २५ मार्चला मेरी मातेचा सण असतो. त्या सणाचे स्वीडिश नाव भरभर उच्चारले की 'वॉफलचा दिवस' असे ऐकू येते. झालं! त्या दिवशी वॉफल खाण्याची रीतच पडून गेली. उच्चार घसरला आणि त्यातून सण उभा राहिला.

आता कृतीकडे वळू. वाटी २४० मिलिलिटरची धरा, चहाचा पेला नव्हे. दोन वाट्या म्हणजे सुमारे २५० ग्रॅम मैदा घ्या. त्यातली पाव वाटी कमी करून तितकेच तांदळाचे पीठ घातले तर कुरकुरीतपणा वाढतो. त्यात दोन लहान चमचे बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा, अर्धा लहान चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे साखर घालून दोनदा चाळा. दुसऱ्या भांड्यात आंबटसर दही घुसळून, थोडे पाणी घालून, पावणेदोन वाट्या दाट ताक करा. त्यात दोन अंड्यांचा बलक आणि पाव वाटीहून थोडे अधिक, वितळवून कोमट केलेले लोणी मिसळा. अंड्यांचा पांढरा भाग वेगळ्या, अगदी कोरड्या भांड्यात फेस उभा राहीपर्यंत फेटा.

मग ताक पिठात ओता आणि ढवळा, पण बेताने. लहानसहान गुठळ्या राहिल्या तरी चालतील. गव्हाच्या पिठाला पाणी लागून ते घोटले गेले की त्याला चिवटपणा येतो. पोळीच्या कणकेला तो हवा असतो, इथे नको असतो. शेवटी फेस हलक्या हाताने मिसळावा आणि पाच-दहा मिनिटांत भाजावयास घ्यावे. अंडी चालत नसतील त्यांनी ती वगळावी आणि ताक थोडे वाढवावे. वॉफल किंचित जड होईल, पण होईल. बेकिंग पावडर मिळू लागण्यापूर्वी तिकडच्या बाया यीस्ट घालून पीठ रात्रभर झाकून ठेवीत. आपल्या आंबोळीची आठवण होते, नाही का?

हे सगळे मी वाचून, मापे लिहून घेऊन केले, आणि माझा पहिला वॉफल पार फसला. ती हकीकत सांगितली पाहिजे. आठवीतल्या माझ्या मुलीने शहरातल्या दुकानात वॉफल खाल्ला होता, आणि घरी आल्यापासून तिला आजीच्या हातचे घावन 'जुनेपुराणे' वाटू लागले होते. आई काही बोलली नाही. पण तिने घावन करणेच सोडले. दोन महिने ते घरात झाले नाही. मी म्हटले, आपणच वॉफल करून पाहू. गॅसवर ठेवावयाचा बिडाचा साचा आणला, रविवारी सकाळी पीठ केले, ओतले आणि दोन मिनिटांत उत्सुकतेने साचा उघडला. पोळी मधोमध फाटली; अर्धी वर चिकटली, अर्धी खाली.

आईला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. ती दाराशी बसून ऐकत होती. म्हणाली, "अरे, पीठ पडलं तेव्हा चर्र झालं नाही. तवा तापलाच नव्हता. आणि वाफ निघत असताना उघडतात का कधी?"

तिने वॉफल जन्मात पाहिला नव्हता. पण बीड तिला ठाऊक होते. तिच्या सांगण्यावरून साचा खरवडला, पुसला, तेलाचा हात देऊन चांगला तापवला, पुन्हा तेल लावून पुन्हा तापवला. पाण्याचा थेंब टाकून तो नाचतो का, ते माझ्या मुलीने पाहिले. पीठ ओतले, या वेळी चर्र झाले. मिनिटभराने साचा उलटला. कडेने वाफेचा लोट निघत होता. आई म्हणाली, "थांबा." चार मिनिटे झाली असतील. लोट विरळ झाला, खरपूस वास आला, तेव्हा ती म्हणाली, "आता उघड." पोळी अलगद सुटली.

यात शास्त्र काय आहे, ते शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. ताकातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की कर्बद्विवायू निघतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकतात आणि पोळी हलकी होते. पिठातल्या पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटीहून अधिक जागा मागते. ती वाफही पोळी फुगवते. जोवर वाफ जोरात निघते तोवर आतले पीठ ओले आहे, असे समजावे. पाणी कमी झाले की पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर तापतो, मगच तांबूस रंग आणि खरपूस वास येतो. आणि खळगे कशासाठी? त्यांनी पृष्ठभाग वाढतो, म्हणून कुरकुरीत भाग अधिक मिळतो. शिवाय मध किंवा काकवी त्यांत साचून राहते. क्षेत्रफळाचा धडा याहून गोड कोणता असेल?

दोन सूचना. साचा उघडताना तोंड दूर ठेवावे, वाफेने भाजते. मुलांना तर मोठ्या माणसाशिवाय त्याजवळ जाऊ देऊ नये. आणि भाजलेले वॉफल एकावर एक रचू नयेत. जाळीवर सुटे ठेवावेत, नाहीतर अडकलेल्या वाफेने ते मऊ पडतात. साचा नसेल तर हेच पीठ बिडाच्या तव्यावर किंवा आप्पेपात्रात घाला. त्याला वॉफल म्हणता येणार नाही, पण ते खाता मात्र येईल.

आईने एक तुकडा खाल्ला. म्हणाली, "बरं आहे. मीठ कमी पडलं." मुलीने ते वहीत लिहून घेतले. मग तिने विचारले, "आजी, घावनाला पाणी किती घालतेस गं?" आई म्हणाली, "किती ते सांगता येणार नाही. ये, दाखवते."

पुढच्या रविवारी आमच्याकडे घावन झाले. पहिले फसले, ते मुलीने स्वतः खाल्ले.