खेकड्यांचा हजेरीपट



ज्याची हयात कामगारांच्या संघटनेत गेली, अशा माणसाने गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत खेकड्यावर बोलावयास उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण थोडे. जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचनालयात बसून. परंतु संघटनेत काम करणाऱ्याला एक प्रश्न रोज पडतो. ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क कोण मानणार? हाच प्रश्न आज मला सह्याद्रीतल्या खेकड्यांविषयी मांडावयाचा आहे.

खेकडा, कोळंबी, शेवंड ही सारी कवचधारी मंडळी. परदेशांतील गोड्या पाण्यात क्रेफिश नावाचा त्यांचा एक भाऊबंद असतो. तो शेवंडीसारखा दिसतो. आपल्या देशात मात्र तो मूळचा नाही. आपल्या ओढ्यांचा खरा रहिवासी म्हणजे खेकडा. समुद्रातल्या खेकड्याची पिले लाटांबरोबर दूरवर वाहत जातात. ओढ्यातल्या खेकड्याचे तसे नाही. त्याची मादी अंडी पोटाखाली सांभाळते आणि त्यांतून थेट लहानगे खेकडेच बाहेर पडतात. त्यामुळे एका डोंगरावरचा खेकडा दुसऱ्या डोंगरावर सहसा पोहोचत नाही, आणि फार काळ असा दुरावा राहिला म्हणजे दोहोंच्या जाती निराळ्या होतात. 2016 साली समीरकुमार पाती, तेजस ठाकरे व त्यांचे सहकारी यांनी सह्याद्रीतल्या पाच नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले, ते याच कारणाने शक्य झाले.

आता जात ओळखावयाची कशी? रंगावर भरवसा ठेवता येत नाही. जाणकार मुख्यतः नराच्या पोटाखालच्या एका बारीक अवयवाचा आकार पाहतात. पण हाती मादी आली, किंवा पिलू आले, तर? येथे जनुकांचे वाचन उपयोगी पडते. खेकड्याचा एखादा पाय मद्यार्कात घालून ठेवला तरी काम भागते. कात टाकताना त्याला पाय पुन्हा फुटतो, म्हणजे प्राणी मारावयासही नको. त्या पायातून डीएनए काढतात, त्यातील ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करतात आणि त्यावरील अक्षरे क्रमाने वाचतात. अक्षरे चारच, ए, टी, जी आणि सी. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी 2003 साली असे सुचविले की, आईकडून येणाऱ्या एका विशिष्ट जनुकातली सुमारे 650 अक्षरे वाचली तर बहुतेक प्राण्यांची जात ओळखता येईल. दुकानातल्या मालावर पट्ट्यापट्ट्यांची खूण असते ना, तसेच हे.

पण यंत्राने सांगितले म्हणजे ते खरेच, असे समजू नका. या जनुकाच्या जुन्या, निकामी झालेल्या नकला पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेल्या असतात, आणि कवचधाऱ्यांत हा घोटाळा विशेष आढळतो. वाचणाऱ्याने चुकून ती नकल वाचली, तर एका जातीच्या दोन जाती झाल्यासारखे दिसते. हजेरीपटावर खोटी नावे चढवून मुकादम मजुरी उचलतो, हा प्रकार आपल्याला ठाऊक आहे. तेथे जसा पट हाती घेऊन माणसे मोजावी लागतात, तसेच येथे अक्षरांबरोबर प्रत्यक्ष प्राणीही पाहावाच लागतो.

नीट वाचले तर किती कळते, त्याचे उदाहरण संगमरवरी क्रेफिशचे. 1990 नंतरच्या दशकात जर्मनीतील हौशी मत्स्यपालकांकडे हा प्राणी प्रथम दिसला. यात नर नाहीच. मादी एकटीच पिलांना जन्म देते. 2018 साली फ्रँक लिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध केला. ती अक्षरे भरली सुमारे 350 कोटी, म्हणजे माणसापेक्षाही थोडी अधिक! निरनिराळ्या देशांतील प्राणी ताडून पाहिले, तेव्हा ते सारे एकाच मादीच्या वंशातले, जवळजवळ हुबेहूब ठरले. मादागास्करमध्ये हा प्राणी झपाट्याने पसरला आहे. एकीचे बळ मी आयुष्यभर सांगत आलो. पण एकी वेगळी आणि एकसारखेपणा वेगळा. ज्या जमावात भेदच नाही, त्यात एकाला मारणारा रोग सगळ्यांनाच मारू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. एका डोंगरावर राहणाऱ्या जातीचे सारे विश्व तो डोंगरच. तेथे खाण निघाली, ओढा आटला, तर ती जात संपली. आणि तिची नोंदच नसेल तर काही संपले, हे कळणारही नाही. नोंद कोणी करावयाची? पहिल्या पावसात इगतपुरी-त्र्यंबकच्या रानात खेकडे धरावयास निघणाऱ्या आदिवासी बांधवाला कोणता खेकडा कोठल्या बिळात राहतो हे माहीत असते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती नेमून अशी नोंदवही ठेवावयास सांगितले आहे. ती वही गावच्या माणसाच्या तोंडून लिहिली गेली पाहिजे.

आणि फायदा? प्राणी ओढ्यातच राहतो, पण त्याची अक्षरे संगणकावरून जगभर जातात. त्यांवर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांनी एका निधीत पैसे भरावेत, आणि त्यातला निदान अर्धा वाटा मूळ रहिवासी व स्थानिक जनतेसाठी असावा, असे 2024 साली कोलंबियातील काली येथील राष्ट्रांच्या परिषदेत ठरले. पण ही भरती सक्तीची नाही. मालकाच्या मर्जीवर ठेवलेला बोनस किती वेळा हाती पडतो, हे या सभेतल्या कामगारांना मी सांगावयास नको.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन ती नोंदवही पाहावयास मागा. कोरी असेल तर का कोरी, ते विचारा. भरलेली असेल तर ओढ्याकाठी राहणाऱ्यांची नावे तीत आहेत काय, ते पाहा.