आधी पंगत, मग पाठ : एका अमेरिकन चर्चमधील आध्यात्मिक घडण



अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथात लहानमोठ्यांना धर्म कसा शिकवतात, याच्याशी आपला काय संबंध, अशी शंका आजचा विषय वाचून काहींच्या मनात आली असेल. शंका रास्त आहे. पण आजी देवापुढे बसते, नातू मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत बसतो आणि मधल्या पिढीला दोघांकडे पाहायला सवड नसते, ही तक्रार आपण घरोघर ऐकतो. त्या मंडळींचीही तक्रार हीच होती. फरक इतकाच की, ती तक्रार करून थांबली नाहीत. त्यांनी प्रयोग केले. काही साधले, काही अर्धे राहिले, आणि त्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाला त्यांना पुन्हा हात घालावा लागला. माणसाला धर्म आधी कळतो आणि मग तो पंक्तीला बसतो, की आधी पंक्तीला बसतो आणि जेवता जेवता त्याला कळू लागते?

हे लोक कोण, ते थोडक्यात सांगतो. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिथल्या इंग्लिश चर्चची मोठी पंचाईत झाली. बिशप व्हायचे तर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि राजाला तर नुकताच निरोप दिलेला! शेवटी सॅम्युअल सीबरी नावाचे गृहस्थ स्कॉटलंडला गेले आणि १७८४ साली ॲबर्डीन येथे बिशप होऊन आले. १७८९ साली या मंडळींनी स्वतःची घटना आणि स्वतःचे प्रार्थनापुस्तक तयार केले. ‘एपिस्कोपोस’ म्हणजे ग्रीक भाषेत देखरेख करणारा, अर्थात बिशप. त्यावरून हे एपिस्कोपल चर्च. त्याचा गावपातळीवरचा घटक म्हणजे पॅरिश. आपले वसईकडील ख्रिस्ती बांधव त्याला ‘धर्मग्राम’ असा फार सुंदर शब्द वापरतात. पॅरिशचा धर्मगुरू तो रेक्टर आणि कारभार पाहणारी निवडून दिलेली समिती ती व्हेस्ट्री. हा शब्द मुळात वस्त्रे ठेवण्याच्या खोलीचा; त्या खोलीत बसून मंडळी कारभार करू लागली आणि खोलीचे नाव समितीला चिकटले.

आता शिक्षणाकडे वळू. रविवारच्या शाळेची चळवळ ज्याच्यामुळे फोफावली तो रॉबर्ट रेक्स हा ग्लॉस्टरचा वृत्तपत्रवाला. १७८० साली त्याने गरीब मुलांसाठी वर्ग काढला. मुले आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली, म्हणून सातवा दिवस. तिथे अक्षरओळखही होई आणि बायबलही वाचले जाई. पुढे सरकारी शाळा आल्या, अक्षरओळखीचे काम त्यांनी घेतले, आणि रविवारच्या शाळेत धर्म तेवढा उरला. पण शाळेचा साचा तसाच राहिला! वयानुसार वर्ग, पाठांतर, प्रश्नोत्तरे, हजेरीपट, बक्षिसे. मोठी माणसे वर मंदिरात उपासना करीत आणि मुले खाली तळघरात धडे गिरवीत.

या साच्याचा शेवट दृढीकरणात होई. बाळपणी बाप्तिस्मा, मग शिकवणीची वर्षे, मग बिशप येऊन मस्तकावर हात ठेवी आणि त्यानंतरच प्रभुभोजनाला बसण्याचा अधिकार मिळे. म्हणजे आधी परीक्षा, मग पंगत. परिणाम काय झाला, ते एका विनोदात सांगतात. चर्चच्या घंटाघरात वटवाघळे फार झाली. धूर झाला, आरडाओरड झाली, हटेनात. शेजारचा पाद्री म्हणाला, “सोपे आहे. मी त्यांना बाप्तिस्मा दिला, दृढीकरण केले, पुन्हा तोंड दाखवले नाही त्यांनी!” आपल्याकडे मुंज झाल्यावर संध्येची पळी किती दिवस हातात राहते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा विनोद समजावून सांगायला नको.

इथे खरा पालट झाला. १९७० साली या चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनाने दृढीकरणापूर्वीच मुलांना प्रभुभोजन घेण्याची मुभा दिली. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकाने तर बाप्तिस्मा म्हणजेच संपूर्ण प्रवेश असे मांडले. ज्याला बाप्तिस्मा झाला तो घरचा. आता त्याला दारात उभे करून प्रश्न विचारायचे नाहीत. शिवाय त्या विधीत नुसत्या आईबापांना विचारून भागत नाही. या बालकाच्या वाटचालीला तुम्ही आधार द्याल काय, असे जमलेल्या साऱ्या मंडळीला विचारतात, आणि सारी मंडळी होकार देते. माझ्या मते पुढच्या सगळ्या कार्यक्रमांचे बीज या एका होकारात आहे. मूल आता एकट्या शिक्षिकेचे राहत नाही.

याच सुमारास, १९७६ साली, जॉन वेस्टरहॉफ यांनी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ, ‘आमच्या मुलांना श्रद्धा लाभेल काय?’ हे गृहस्थ पुढे एपिस्कोपल धर्मगुरू झाले. त्यांचे म्हणणे असे की, श्रद्धा शाळेत शिकवता येत नाही. ती समाजात राहून अंगात मुरते. श्रद्धेच्या वाढीला त्यांनी झाडाच्या खोडातील वलयांची उपमा दिली. बालपणी अनुभवाची श्रद्धा, मग आपण या मंडळीचे आहोत ही श्रद्धा, मग शोध घेणारी, शंका काढणारी श्रद्धा, आणि शेवटी स्वतःची झालेली. नवे वलय आले म्हणून आतले नाहीसे होत नाही. वेस्टरहॉफ यांचे निदान मला पटते. पण शाळा नको म्हणताना अभ्यासही नको, असा अर्थ कोणी काढला तर तो घातक ठरेल. नुसत्या सहवासाने भाविक तयार होतील. जाणते होतीलच असे नाही.

मुलांसाठी जो प्रयोग सर्वांत गाजला तो जेरोम बेरिमन या एपिस्कोपल धर्मगुरूंचा, ‘गॉडली प्ले’. त्याचे मूळ रोममध्ये आहे. तिथे १९५४ साली सोफिया कावालेत्ती या बायबलच्या विदुषीने आणि जियाना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेने लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाची नवी पद्धत सुरू केली. माँटेसरीबाई आपल्याला परक्या नाहीत. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकून १९४६ पर्यंत राहिल्या. त्यांच्या विचारांचे बी ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला कसे रुजवले, हे आपणांस माहीतच आहे.

तर या वर्गात काय चालते? दाराशी एक व्यक्ती बसते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारते की, तू तयार आहेस का? मूल धावत आत शिरत नाही. आत गोष्ट सांगणारी बाई जमिनीवर बसलेली, भोवती मुलांचे वर्तुळ. वाळूने भरलेली एक पेटी असते, ते वाळवंट. लाकडाच्या छोट्या बाहुल्या त्या वाळूतून हळूहळू पुढे सरकतात. अब्राहाम निघाला, सारा निघाली. बाई मुलांच्या तोंडाकडे पाहत नाही. तिची नजर वाळूवर, म्हणून मुलांचीही वाळूवर. गोष्ट संपली की तात्पर्य सांगत नाहीत! आपल्या सवयीला हे फार कठीण; तात्पर्याशिवाय गोष्ट म्हणजे मिठाशिवाय वरण. त्याऐवजी बाई नवल करते. यातला कोणता भाग तुला सर्वांत आवडला असेल? कोणता सर्वांत महत्त्वाचा? यात तू कुठे आहेस? आणि मग असेही विचारते की, यातले काय वगळले तरी गोष्ट पुरी राहील? पवित्र ग्रंथातील कथेतून काय वगळावे, हे पाच वर्षांच्या पोराला विचारायला छाती लागते. मग मुले रंग, माती, कागद घेऊन आपापले काम करतात आणि शेवटी वर्तुळात बसून चार घास खातात. तिथेही पंगत आहेच.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे काम सर्वांत अवघड. नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम गावच्या सेंट फिलिप्स पॅरिशमध्ये त्यांच्यासाठी एक क्रम तयार झाला आणि तो पुढे अनेक पॅरिशांनी घेतला. त्यातील विचार असा की, पुरुषत्व किंवा स्त्रीत्व ही देणगी आहे, पण प्रौढपण कमवावे लागते. तेराव्या वर्षाच्या सुमारास साऱ्या मंडळीसमोर एक विधी होतो. पुढे ही मुले मिळून यात्रेला जातात आणि तिच्या खर्चाचा वाटा स्वतः उभा करतात. वारीला गेलेल्या माणसाला यातले मर्म चटकन कळेल. चालता चालता मुलगा जे बोलतो ते वर्गात बोलत नाही.

प्रौढांची गोष्ट निराळी. बाप मुलाला वर्गात सोडतो आणि स्वतः मोटारीत वर्तमानपत्र वाचत बसतो, हे दृश्य सर्व धर्मांत सारखेच. टेनेसीतील सिवॉनी येथील विद्यापीठाच्या धर्मशास्त्र शाखेने १९७५ साली ‘एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री’ हा उपक्रम काढला. मूळ क्रम चार वर्षांचा : जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, धर्मतत्त्वज्ञान. सहा ते बारा जणांचा गट आणि सोबत एक मार्गदर्शक. पण तो व्याख्यान देत नाही. (माझ्यासारख्यांना तिथे काम नाही!) कचेरीतला तंटा, आजारपण, पैशाची अडचण, असा एखादा अनुभव मध्ये ठेवायचा आणि शिकलेल्याशी ताडून पाहायचा. यातून कोणी पाद्री होत नाही. आपले रोजचे काम हीच सेवा, हे समजून घ्यायचे असते.

शंकेला अशी जागा या परंपरेत पूर्वीपासून होती, असे मात्र समजू नका. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन चर्चचाच बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनींच्या आश्रमात त्या होत्या, तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने काढला. तो जरूर वाचा. पटल्याशिवाय मानणार नाही, असे रमाबाई म्हणत, आणि गुरुस्थानी असलेल्यांना त्यात अहंकार दिसे. शोध घेणारे वलय समोर बसले होते, पण ते ओळखायला कोणी तयार नव्हते.

वृद्धांसाठी निराळा वर्ग फारसा काढावा लागत नाही. घराबाहेर पडता न येणाऱ्यांकडे साधे सभासदच रविवारच्या उपासनेतून उठून प्रभुभोजनाचा अंश घेऊन जातात. पंगत त्यांच्या खाटेपर्यंत पोहोचते.

एवढे करून चर्च वाढले का? नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यात सुमारे ३४ लाख सभासद होते. २०२३ साली साडेपंधरा लाखांच्या आसपास. याची कारणे अनेक : जननमान घटले, स्त्रियांना व समलिंगी व्यक्तींना दीक्षा देण्यावरून काही मंडळी फुटून गेली, आणि रविवार खेळांच्या सामन्यांनी पळवला. उत्तम शिकवणीने ही ओहोटी थांबली नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. आज तिथल्या निम्म्याहून अधिक पॅरिशांत रविवारी पन्नास माणसेही जमत नाहीत.

पण यातून एक गंमत झाली. जिथे मुलेच तीन, तिथे वयवार वर्ग कसले काढणार? मग सगळ्यांना एकाच खोलीत बसवणे भाग पडते. इंग्लंडात पोर्ट्समथजवळ २००४ साली ‘मेसी चर्च’ म्हणून एक प्रकार सुरू झाला, तो अमेरिकेतही गेला. नावातच पसारा आहे. एकाच टेबलाशी चार वर्षांची मुलगी, तिचा बाप आणि कोणाची तरी आजी कागद कातरीत बसतात. डिंक सांडतो, मग एक गोष्ट, थोडी प्रार्थना, आणि मग सगळे मिळून जेवतात. जेवण हा तिथे कार्यक्रमाचाच भाग आहे. आजीला गोष्ट पाठ असते, पण कात्री चालत नाही, मुलीचे उलटे. वाढपी कोण आणि जेवणारे कोण, हे त्या टेबलाशी नीट सांगता येत नाही.